मापाचा टेकू

ओहायो राज्याच्या उत्तर टोकाला, ईरी सरोवराच्या काठावर, पोर्ट क्लिंटन गावाजवळ कॅम्प पेरी हे लष्करी मैदान आहे. मधली काही वर्षं सोडली तर १९०७ पासून अमेरिकेतल्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा इथं भरतात. भर उन्हाळ्यात नेमबाज ओळीनं जमिनीवर पालथे पडलेले असतात आणि प्रत्येक गोळीगणिक त्यांच्या उजव्या हाताला गवतात पितळेची एक रिकामी पुंगळी येऊन पडते. फैर संपते, रायफली रिकाम्या झाल्याची खात्री केली जाते आणि मग सगळे वाकून पुंगळ्या वेचायला लागतात. नव्या माणसाला वाटतं, मैदान साफ करताहेत. खरं तर प्रत्येक जण आपली पुंजी गोळा करत असतो. काडतुसात चारच गोष्टी असतात: गोळी, दारू, ठिणगी देणारा प्रायमर आणि पुंगळी. पहिल्या तीन बार उडाला की संपतात. सहसा सगळ्यांत महाग असते ती पुंगळी, आणि तीच मागं उरते.

यंदाच्या अंकासाठी ‘माप’ हा विषय संपादकांनी कळवला तेव्हा मला या पुंगळ्या आठवल्या. मी राहतो त्या क्लीव्हलँडच्या परिसरात घरांच्या तळघरांत, गॅरेजांत त्या पुन्हा भरण्याचं काम शांतपणे चाललेलं असतं. काडतूस घरी भरणं हा इथं कायदेशीर आणि जुना छंद आहे. त्यातली दारू मोजण्याची पायरी बाहेरच्या माणसाला सगळ्यांत नाजूक वाटते. पण माझं कुतूहल एका वेगळ्या पायरीवर अडलं होतं. वापरलेली पुंगळी लांब होते आणि ती कापून पुन्हा मापात आणावी लागते. या कापण्यासाठी इतकी निरनिराळी साधनं बाजारात का असावीत? सगळ्यांचं काम तर एकच, पितळेच्या नळीचं तोंड थोडं खाली आणणं.

उत्तरासाठी एका महिला नेमबाजानं मला आपल्या गुरूंकडे नेलं. मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलमेकर म्हणून त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्या तळघरातल्या जाड लाकडी बाकावर निरनिराळे ट्रिमर, म्हणजे पुंगळी कापायची साधनं, मांडलेले होते. एकाही यंत्राचं नाव न सांगता त्यांनी आधी मलाच विचारलं, “तुम्ही मोजणार कुठून?”

पितळ पुढं सरकतं

रायफलीची बहुतेक काडतुसं बाटलीच्या आकाराची असतात. खाली जाड बूड, वर निमुळतं होत गेलेलं अंग, मग उतरता खांदा, त्यावर अरुंद मान आणि शेवटी तोंड. हे पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं असतं. फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, भिंतीला चिकटावं आणि दाब उतरला की जरा आकसून सुटावं, एवढी लवचीकता या मिश्रणात असते.

बार उडतो तेव्हा पुंगळीच्या पुढच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट धरतात. बूड मात्र जाड असतं, ते फुगत नाही. दाब त्याला मागं रेटून नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टवर टेकवतो. पुढचा भाग जागेवर, मागचा भाग मागं, म्हणजे ताण पडतो तो बुडाच्या थोडा वर, जिथं जाड पितळ पातळ व्हायला लागतं तिथं. ही झाली पहिली ओढ.

दुसरी ओढ आपण देतो. फुगलेली पुंगळी पुन्हा चेंबरमध्ये सहज जावी म्हणून तिला पोलादी साइझिंग डायमध्ये दाबतात. डाय चहूबाजूंनी आवळते, तेव्हा पितळेला जायला एकच वाट मोकळी असते, ती म्हणजे वर. खांदा पुढं येतो, मग डायचा वरचा भाग तो खांदा परत खाली दाबतो आणि जास्तीचं पितळ मानेत शिरतं. त्यातच, डायमधून बाहेर निघताना मानेच्या आतून जाणारा एक्स्पांडरचा गोळा मानेला आणखी थोडं ओढतो. प्रत्येक फेरीला हे थोडंथोडं होतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या सुमाराला पुष्कळ पुंगळ्या मर्यादेला टेकतात.

ही मर्यादा कारखानदारांच्या ‘सामी’ या संस्थेनं घालून दिलेली आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अमेरिकेत काडतुसांची आणि चेंबरची मापं ठरवते. .३०८ विंचेस्टर या लोकप्रिय काडतुसाच्या पुंगळीची लांबी जास्तीत जास्त २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर असावी लागते. कापताना ती २.००५ इंचांवर आणतात. .२२३ रेमिंग्टनसाठी हेच आकडे १.७६० आणि १.७५० इंच. दोन्हीकडं खेळायला जागा आहे इंचाच्या शंभराव्या भागाची, पाव मिलिमीटरची. टूलरूमच्या भाषेत दहा थाऊ.

पाव मिलिमीटर ओलांडल्यानं काय होतं? चेंबरमध्ये मानेसाठी जी जागा कोरलेली असते तिच्या पुढं नळी अरुंद होत जाते. लांब झालेल्या पुंगळीचं तोंड त्या अरुंद भागात घुसतं. बोल्ट बंद करताना तरफेचा जोर इतका असतो की हाताला अडथळा जाणवेलच असं नाही. तोंड आत चेपतं आणि गोळीला चिमटीत धरतं. आता दारू पेटली की गोळी सुटायला हवी, पण तिला सरकायला जागाच नाही. नेहमीच्याच दारूनं नेहमीपेक्षा फार जास्त दाब तयार होतो, आणि हे सगळं नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर घडतं. म्हणून पुंगळी कापणं ही सुरक्षेची पायरी आहे. नेम सुधारण्याचा मुद्दा त्यानंतर येतो.

आपल्याकडच्या पुंगळ्या

मराठी वाचकाला नेमबाजी परकी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं तेव्हा तो सामना घराघरांत पाहिला गेला. त्याची रायफल .२२ रिमफायर. या काडतुसात पेट घेणारं रसायन बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेलं असतं. बोल्टची सुई ती कड चेपते आणि बार उडतो. कड एकदा चेपली की पुंगळीचं आयुष्य संपलं. मोठ्या रायफलींच्या काडतुसांत मात्र प्रायमर बुडाच्या मधोमध, वेगळ्या खड्ड्यात बसवलेला असतो. जुना ठोकून काढता येतो, नवा दाबून बसवता येतो. पुन्हा भरण्याचं सगळं शास्त्र या एका सोयीवर उभं आहे.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, म्हणून अमेरिकेसारखी घरगुती परंपरा नाही. पण पितळेची पुंगळी घडवण्याचं ज्ञान महाराष्ट्रात जुनं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात रायफलींची काडतुसं बनतात. २०२१ मध्ये हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. कारखान्यात पुंगळीची सुरुवात पितळेच्या चकतीपासून, तिच्या वाटीपासून होते. वाटी पुन्हा पुन्हा साच्यातून ओढत लांब करायची, मधूनमधून तापवून मऊ करायची आणि ओढल्यावर वाकडंतिकडं झालेलं तोंड कापून सरळ करायचं. पुंगळी कापण्याचं काम तिच्या जन्मापासूनच सुरू होतं, घरच्या बाकावर ते पुढं चालू राहतं एवढंच.

कापण्याआधीची शिस्त

गुरूंच्या बाकावर बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती म्हणजे पुंगळी कधी मोजायची. मैदानातून आणलेली पुंगळी तशीच मोजली तर माप मर्यादेत येतं आणि माणूस निर्धास्त होतो. डायमधून काढल्यावर तीच पुंगळी लांब झालेली असते. म्हणून आधी साइझिंग, मग मोजणी. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत वाया.

साइझिंगसाठी पुंगळीला बाहेरून वंगण लावावं लागतं, नाही तर ती डायमध्ये अडकून बसते. मोजण्याआधी हे वंगण पुसून टाकायचं. बुडावर किंवा खांद्यावर राहिलेला चिकट थर आणि त्यावर चिकटलेला पितळेचा कण एवढा पुरे, एक-दोन थाऊ तिथंच गेले. जुना प्रायमर काढलेला असावा, कारण थोडा बाहेर आलेला प्रायमर व्हर्नियरच्या जबड्यात आला तर तुम्ही पुंगळी मोजत नसून प्रायमर मोजत असता. पुंगळीचं तोंड दबलेलं नसावं, जमिनीवर आपटून कड आत गेली असेल तर तीही खोटं माप देते.

इथं त्या गुरूंनी मला जो मुद्दा समजावला तो आपल्या घरांतही लागू पडावा. दाराच्या चौकटीला मूल उभं करून उंचीची रेघ मारतात तेव्हा वरची रेघ कितीही काळजीनं मारली तरी मुलानं टाचा उचलल्या असतील तर सगळं व्यर्थ. पुंगळीचंही तेच. कापणारं पातं वर तोंडाशी असतं, पण लांबी ठरते ती पुंगळी दुसऱ्या टोकाला कुठं टेकली आहे यावर. ट्रिमरांचे सगळे प्रकार या टेकण्याच्या जागेवरून वेगळे होतात.

बुडावर टेकणारे ट्रिमर

पुंगळीची लांबी म्हणजे बुडापासून तोंडापर्यंतचं अंतर. तेव्हा टेकू बुडाला देणं हे सरळ. त्यातलं सगळ्यांत साधं आणि स्वस्त साधन विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्ड गावच्या ‘ली’ कंपनीचं. रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये काडतूस भरण्याचा छोटा हातसंच काढला, तेव्हापासून कमी पैशांत पुरेसं काम हा त्या कंपनीचा बाणा राहिला आहे. या ट्रिमरला फिरवायचे स्क्रू नाहीत, मापाच्या खुणा नाहीत. एक गोल कटर, त्याच्या मधोमध पोलादाची दांडी आणि दांडीच्या टोकाला बारीक सुई. पुंगळीचं बूड एका छोट्या होल्डरमध्ये आवळायचं, कटरची दांडी तोंडातून आत घालायची आणि फिरवायचं. सुई प्रायमरच्या ठिणगीसाठी असलेल्या छिद्रातून आरपार जाते आणि पुंगळीचं बूड ज्या पृष्ठभागावर बसलं आहे त्याच पृष्ठभागाला टेकते. सुई टेकली की कटर आणखी खाली जाऊच शकत नाही. दांडीची लांबी हेच माप, आणि ते कारखान्यातच ठरलेलं.

या साधेपणात मोठी ताकद आहे. हललं, ढिलं झालं, चुकून फिरलं, असा प्रश्नच येत नाही. होल्डर हाताच्या ड्रिलला लावला तर शेकडो पुंगळ्याही होतात. मर्यादाही आहेत. प्रत्येक काडतुसासाठी वेगळी दांडी घ्यावी लागते, आणि लांबी आपल्या मनासारखी बदलता येत नाही. शिवाय छिद्र मधोमध असावं लागतं. अमेरिकन पुंगळ्यांत ते तसं असतं, पण जगात इतरत्र, विशेषतः जुन्या लष्करी काडतुसांत, बर्डन पद्धतीची पुंगळी असते. तिच्यात मधल्या छिद्राऐवजी बाजूला दोन बारीक छिद्रं असतात, आणि ही सुई तिथं थांबते.

दुसरा प्रकार छोट्या लेथचा. इलिनॉयमधल्या लॅनार्कच्या ‘फॉर्स्टर’चा ट्रिमर या घराण्यातला. पुंगळीचं बूड कॉलेटच्या चिमट्यात आवळायचं, समोरून कटरचा दांडा आणायचा आणि कटरच्या पुढं असलेला पायलट मानेत शिरवून हँडल फिरवायचं. पायलट बदलले की वेगवेगळ्या व्यासाच्या माना कापता येतात, म्हणून निरनिराळी काडतुसं वापरणाऱ्यांना हे यंत्र सोयीचं. दुबळी जागा कॉलेट. बुडाची कड, म्हणजे रिम, थोडी जाड-बारीक असली, एक लष्करी पुंगळी आणि एक बाजारी पुंगळी एकाच ढिगात असली, तर कॉलेट आवळताना प्रत्येक पुंगळी जरा वेगळ्या जागी जाऊन बसते. एकाच कारखान्याच्या, एकाच खेपेच्या पुंगळ्या एकत्र ठेवल्या की हा फरक बराच मिटतो. पायलट मानेत घासून कोरडं पितळ त्याला चिकटायला लागतं, त्यासाठी अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा लागतो.

तिसरं यंत्र पाहताना गुरूंच्या चेहऱ्यावरचं कौतुक लपत नव्हतं. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमीर गावच्या ‘एल. ई. विल्सन’चा ट्रिमर. इथं पुंगळी आवळतच नाहीत. तिच्या अंगाचा जो निमुळता उतार असतो, नेमका त्याच उताराचा पोलादी गोल होल्डर मिळतो. पुंगळी त्यात सरकवून मागून हलकेच ठोकली की ती घट्ट बसते. मग हा होल्डर दोन समांतर दांड्यांवर ठेवायचा. पुंगळीचं बूड मागच्या स्टॉपवर टेकतं आणि पुढून कटर येतो. रिमचा व्यास आणि जाडी यांचा इथं संबंधच उरत नाही. अंग सरळ धरलेलं असल्यामुळं तोंड काटकोनात कापलं जातं. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत गोळी सुटताना मानेनं तिला सगळ्या बाजूंनी सारखंच सोडावं असं वाटणारे नेमबाज म्हणूनच या यंत्राला सोडत नाहीत. होल्डर काडतुसागणिक वेगळा, नव्या आणि उडवलेल्या पुंगळ्यांसाठीही वेगळा. एकेक पुंगळी ठोकून बसवायची, कापायची, ठोकून काढायची. काम संथ चालतं.

खांद्यावर टेकणारे ट्रिमर

मला गुरूंकडे नेणाऱ्या त्या महिला नेमबाजाची स्वतःची गरज वेगळी होती. ती सर्व्हिस रायफल प्रकारात उतरते, म्हणजे लष्करी धाटणीच्या स्वयंभरण रायफलीनं. सराव आणि सामने मिळून तिला .२२३ च्या पुंगळ्या ढिगानं लागतात. प्रत्येक पुंगळी आवळणं आणि सोडणं तिला परवडणारं नाही.

खांद्याचे ट्रिमर अशा माणसासाठी निघाले. ‘लिटल क्रो गन वर्क्स’चा ट्रिमर ड्रिलच्या तोंडात बसतो. त्याच्या पोटात त्या काडतुसाच्या आकाराची पोकळी असते. पुंगळी हातानं आत ढकलायची. खांदा पोकळीतल्या खांद्याला टेकला की थांबायचं, तोवर आतला कटर तोंड कापून मोकळा. बेअरिंगमुळं हातातली पुंगळी फिरत नाही. पितळेचा कीस बाजूच्या खिडक्यांतून बाहेर पडतो. एका पुंगळीला काही सेकंद.

‘जिरो’चा मोटरवर चालणारा ट्रिमर यापुढची पायरी. त्यातलं कार्बाइडचं पातं असं घासलेलं असतं की लांबी कापताना आतली कड आणि बाहेरची कडही त्याच वेळी घासून निघते. पुढची दोन कामं तिथंच संपतात. ॲरिझोनातल्या ‘डिलन’ कंपनीनं तर मोटर थेट प्रेसवरच्या डायच्या डोक्यावर बसवली. डाय पुंगळी आवळते, खांद्यापाशी घट्ट धरते आणि त्या क्षणी वरून कटर तोंड कापतो. साइझिंग आणि कापणं एकाच झटक्यात, आणि कीस ओढून घ्यायला व्हॅक्यूमची नळी. या डायमध्ये एक्स्पांडर नसतो, त्यामुळं मान आतून अरुंद राहते आणि कापल्यावर मँड्रेल, म्हणजे नेमक्या जाडीची दांडी, घालून ती पुन्हा उघडावी लागते. हजारोंच्या संख्येनं भरणाऱ्यांनाच हा सगळा थाट शोभतो.

खांद्याच्या टेकूची अट स्पष्ट आहे. खांदा जिथं असेल तिथून माप सुरू होणार. साइझिंग करताना एका पुंगळीचा खांदा चार थाऊ कमी मागं गेला असेल, तर कापल्यावर तिची एकूण लांबीही तेवढीच जास्त निघणार. न साइझलेली पुंगळी या ट्रिमरमध्ये घालणं म्हणजे न तपासलेल्या खुणेवरून कापड फाडणं. त्या महिला नेमबाजानं मला आपल्या कापलेल्या पुंगळ्या व्हर्नियरवर दाखवल्या. लांबी सारखी होती, पण ते श्रेय ट्रिमरइतकंच तिच्या डायच्या जुळवणीचं होतं. सगळ्या पुंगळ्यांचे खांदे आधीच एका जागी आलेले होते.

याच टेकूमुळं ओहायोच्या शिकाऱ्यांची एक वेगळीच अडचण होते. या राज्यात हरणांच्या बंदुकीच्या हंगामात बाटलीच्या आकाराच्या काडतुसांची रायफल चालत नाही. २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांना परवानगी मिळाली. .४५-७० सारखं एकोणिसाव्या शतकातलं काडतूस त्यामुळं परत आलं आणि .४५० बुशमास्टर, .३५० लेजंड अशी नवी काडतुसं गावागावांत दिसायला लागली. या पुंगळ्यांना खांदाच नाही, तेव्हा खांद्याचा ट्रिमर तिथं निरुपयोगी. बुडावर टेकणाराच घ्यावा लागतो. आणि .४५० बुशमास्टर, .३५० लेजंड चेंबरमध्ये थांबतात ते पुंगळीच्या तोंडावर. तोंड जास्त कापलं तर पुंगळी आत खोल जाते, आणि प्रायमरवर सुईचा ठोका नीट बसत नाही. पिस्तुलाची ९ मिलिमीटर आणि .४५ एसीपी काडतुसंही अशीच तोंडावर थांबतात, शिवाय ती फारशी वाढतही नाहीत. बहुतेक भरणारे त्यांना कापतच नाहीत. इथं कापण्याची हौस नुकसान करते.

तोंडाची कड

कापलेल्या तोंडाला आतून-बाहेरून बारीक बर, म्हणजे खरखरीत धार, राहते. बाहेरची बर काढली नाही तर ती चेंबरमध्ये घासते. आतली राहिली तर गोळी बसवताना तिचं तांब्याचं अंग सोललं जातं. यासाठी हातात मावणारं एक दुतोंडी साधन असतं, एका टोकानं आतली कड घासायची, दुसऱ्यानं बाहेरची. सपाट बुडाच्या गोळ्यांना आतल्या चॅम्फरची, म्हणजे तिरक्या घासलेल्या कडेची, जास्त गरज. लांबलचक, निमुळत्या बुडाच्या गोळ्यांसाठी अधिक उभ्या कोनाचा चॅम्फर मिळतो. नवशिके इथं हमखास जोर लावतात. घासता घासता तोंडाला सुरीसारखी धार आणतात आणि मग ते तोंड लवकर चिरतं. बोटानं फिरवून कड गुळगुळीत लागली की थांबायचं.

कीस मात्र फार त्रासदायक. पितळेचे बारीक तुकडे सुईसारखे टोचतात. मोटरवर काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पुंगळीच्या आत राहिलेला कीस नळीत जाऊ नये म्हणून कापल्यावर पुंगळ्या पुन्हा धुतात. आणि ज्या बाकावर कीस उडतो, तिथं त्या वेळी दारूचा डबा नसतो. हा नियम मला ज्या तळघरांत गेलो तिथं सगळीकडे पाळलेला दिसला.

पुन्हा पुन्हा फुगून-आवळून मानेचं पितळ कडक होतं आणि तडकायला लागतं. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून कडक झालेलं भांडं कारागीर पुन्हा भट्टीत तापवून मऊ करतात, तेच शास्त्र इथं मानेला लावतात. फक्त मान आणि खांदा तापवायचा. बुडाला उष्णता लागता कामा नये, कारण सगळा दाब शेवटी त्याला पेलायचा असतो. मान एकसारखी मऊ असली की कटरही एकसारखा चालतो.

कोणी काय घ्यावं

वर्षाला चाळीस-पन्नास काडतुसं भरणारा, एकच रायफल वापरणारा शिकारी असेल तर त्याला लीची सुई पुरेशी आहे. त्याला यंत्राच्या खटाटोपाची गरज नाही आणि चुकायला वावही नाही. चार-पाच प्रकारची काडतुसं थोडीथोडी भरणाऱ्यानं पायलट बदलता येणारा लेथ-ट्रिमर घ्यावा आणि आपल्या पुंगळ्या कारखान्यानुसार वेगळ्या ठेवण्याची सवय लावावी. सहाशे यार्डांवर एकेक गुणासाठी झगडणाऱ्या नेमबाजाला विल्सनचा संथपणा जड जात नाही, कारण त्याच्या पुंगळ्या मोजक्या असतात आणि प्रत्येकीवर तो वेळ घालवणारच असतो. एकाच काडतुसाच्या शेकडो पुंगळ्या ज्याला दर महिन्याला लागतात त्यानं खांद्याचा ट्रिमर घ्यावा, पण आधी डाय जुळवायला शिकावं.

महागडं यंत्र म्हणजे जास्त अचूक यंत्र असा समज मला या फेरीत कुठंच खरा ठरलेला दिसला नाही. मोटरचे पैसे वेगासाठी असतात. अचूकपणा येतो टेकूतून, आणि टेकू स्वच्छ ठेवणाऱ्या हातातून. म्हणून यंत्र कोणतंही घेतलं तरी पहिल्या काही पुंगळ्या कापून मोजायच्या, मग मधूनमधून एखादी उचलून पुन्हा मोजायची. स्क्रू सैलावला, कीस अडकला, पातं बोथट झालं, हे सगळं व्हर्नियरवर आधी दिसतं.

कापलेलं पितळ आलं कुठून?

शेवटी त्या गुरूंनी मला दोन भागांत उभी कापलेली एक जुनी पुंगळी दाखवली. तोंड अगदी नेटकं, लांबी मापात. पण बुडाच्या थोडं वर, आतल्या भिंतीत, एक बारीक खाच गोल फिरलेली होती. भिंत तिथं इतकी पातळ झाली होती की पुढच्या बाराला बूड वेगळं झालं असतं आणि तापलेला वायू मागं आला असता.

पुंगळीचं पितळ वाढत नाही, फक्त जागा बदलतं. मानेत जे जास्तीचं पितळ येतं ते खालून आलेलं असतं. ट्रिमर ते तोंडाकडून कापून टाकतो आणि पुंगळी पुन्हा नव्यासारखी मापात दिसते, पण खाली गेलेली जाडी परत येत नाही. ज्याच्या पुंगळ्या प्रत्येक फेरीला कापाव्या लागतात, त्याच्या पुंगळ्या प्रत्येक फेरीला ताणल्या जाताहेत. कारण बहुतेक वेळा डायमध्ये असतं. डाय गरजेपेक्षा खाली बसवली की खांदा फार मागं जातो, मग पुढच्या बाराला पुंगळीला चेंबर भरून काढायला तितकंच जास्त ताणावं लागतं.

म्हणून हाताशी थोडेच पैसे असलेल्या नवशिक्याला मी जे पाहिलं त्यावरून एवढंच सांगेन. ट्रिमर सर्वांत साधा घ्या आणि उरलेल्या पैशांत व्हर्नियरला लावायचा कम्पॅरेटर घ्या, जो बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजतो. उडवलेल्या पुंगळीचा खांदा मोजा. बोल्ट रायफल असेल तर डायनं तो एक-दोन थाऊच मागं जाऊ द्या, स्वयंभरण रायफल असेल तर तीन-चार. प्रत्येक खेपेच्या डब्यावर ती किती वेळा उडवली आणि किती वेळा कापली ते लिहा. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून बुडाजवळची भिंत चाचपा. खाच लागली, किंवा बाहेरून तिथं चकाकतं कडं दिसलं, तर ती पुंगळी तोंड कितीही मापात असलं तरी चेपून भंगारात टाका. ज्याची डाय नीट बसलेली असते, त्याचा ट्रिमर महिनोन्‌महिने फडताळात पडून राहतो. चांगल्या कामाची तीच खूण आहे.